हजारात तीन

सिंदी मेघेत प्रफुल्लचं घर शोधायचं तर 'कॉम्प्युटरवाल्या सरांचं घर' एवढं विचारलं तरी पुरे. शेंबडं पोरही बोट दाखवी. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याचा क्लास होता. सकाळी टायपिंग, दुपारी टॅली, संध्याकाळी नोकरीवाल्यांची बॅच. पण त्याची खरी ख्याती क्लासबाहेरची. कोणाचा पीकविम्याचा अर्ज अडकला, कोणाच्या आईचं आधार मोबाइलला जोडलं जाईना, कोणाच्या फोनात भलतीच भाषा येऊन बसली, की माणसं थेट त्याच्याकडे. तो फोन हातात घेई, चष्मा कपाळावर सरकवी आणि म्हणे, "आणा, पाहू."

त्याला सगळं येत होतं असं नाही. बरंचसं तो पाठ फिरवून गुपचूप शोधून काढी. बहुतेक वेळा जमून जाई. नाही जमलं तर फोन परत देत म्हणे, "सर्व्हर डाउन आहे." लोक सर्व्हरला शिव्या घालत जिना उतरत आणि सरांचा मान जागच्या जागी राही. 'मले नाई येत' हे शब्द मात्र त्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. बायको जया सावंगीच्या दवाखान्यात नर्स. ती एखादे वेळी चिडून म्हणायची, "आमच्याकडचे एवढे मोठे डॉक्टर, तेही म्हणतात, रिपोर्ट पाहून सांगतो. तुम्हालेच काऊन जमत नाई?" तो हसण्यावारी नेई.

अशा माणसाकडे गुंजन आली यात नवल नव्हतं.

गुंजन त्याची मावसबहीण. तळेगाव श्यामजी पंतला मनकर्णामावशीचं भाजीचं वावर. वांगी, टमाटर, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. थोडं गावच्या बाजारात, थोडं आर्वीला. गुंजन घरातलं शेंडेफळ. अमरावतीला ड्रॉइंगचा डिप्लोमा करून आली आणि शाळेत जागा निघायची वाट पाहत घरीच राहिली. पहाटे आईसोबत सांबाराच्या जुड्या बांधायच्या आणि ऊन चढलं की बांधावर बसून कागदावर पाखरं उतरवायची. नीळकंठ, भारद्वाज, टिटवी, वांग्याच्या पानावरचे ठिपक्यांचे किडेसुद्धा. त्यांचे फोटो ती इंटरनेटवर टाकी. ते पाहून कॉम्प्युटरवरचा एक खेळ तयार करणाऱ्या मंडळींनी तिला लिहिलं. कोणी पोर्तुगालात बसलेलं, कोणी फिलिपाइन्समध्ये. एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं. त्यांच्या खेळात जंगल होतं आणि जंगलाला पाखरं हवी होती. गुंजनने उन्हाळाभर चित्रं काढून पाठवली. त्यांनी मोबदला दिला तो रुपयांत नाही, डॉलरमध्येही नाही. त्या खेळाच्या स्वतःच्या क्रिप्टो टोकनात.

एका रविवारी दुपारी ती वर्ध्याला आली. येताना पिशवीभर वांगी घेऊन.

"दादा, हे आले माह्या फोनवर," ती म्हणाली. "पण याईचं करू काय? आई म्हणते, दुकानदार हे घेत नाई तर पैसे कायचे?"

प्रफुल्लने चष्मा कपाळावर सरकवला. फोन घेतला. त्या दिवशीच्या भावाने हिशेब करून म्हणाला, "छत्तीस हजारांच्या घरात जाते, बाई."

गुंजनचे डोळे मोठे झाले. जयानेही स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. गुंजनला चित्रं काढायची इलेक्ट्रॉनिक पाटी घ्यायची होती, जिच्यावर पेनानं काढलेलं सरळ कॉम्प्युटरमध्ये उमटतं. फोनच्या एवढ्याशा काचेवर बोटानं रंग भरून भरून तिचं बोट दुखायचं.

ते टोकन आपल्याकडच्या एक्स्चेंजवर विकलं जात नव्हतं. आधी ते विकेंद्रित एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे मधे कोणी कंपनी नाही, कोणी मॅनेजर नाही, नुसता प्रोग्राम आहे, अशा ठिकाणी नेऊन डॉलरच्या भावाशी बांधलेल्या दुसऱ्या टोकनात बदलायचं. मग ते इकडे आणून त्याचे रुपये करायचे. या अदलाबदलीला स्वॅप म्हणतात. प्रफुल्लने स्वॅपचे दोन व्हिडिओ पाहिले होते. हातानं एकदाही केला नव्हता. हे त्याने सांगायला हवं होतं. पण समोर मावसबहीण उभी, बायको ऐकत असलेली, आणि इतक्या वर्षांची सवय. तो म्हणाला, "तू वहिनीजवळ चहा घे. मी करून देतो."

पहिल्यांदा बटण दाबलं तर काही झालंच नाही. व्यवहार ज्या नेटवर्कवरून होतो त्याची फी त्या नेटवर्कच्या नाण्यातच भरावी लागते आणि गुंजनच्या खात्यात ते नाणं नव्हतं. प्रफुल्लकडे हौसेनं घेतलेलं थोडं होतं. त्यातलं त्यानं तिच्या खात्यात टाकलं. दुसऱ्यांदा दाबलं. गोल फिरत राहिलं आणि शेवटी आलं, व्यवहार झाला नाही. फी मात्र कापली गेली. तिसऱ्यांदा तेच.

"होऊन राह्यलं का, दादा?" गुंजन तिसऱ्यांदा दारातून विचारत होती.

"होऊन राह्यलं."

एका व्हिडिओत ऐकलं होतं की व्यवहार अडकत असेल तर स्लिपेज वाढवा. स्लिपेज म्हणजे ठरल्या भावापेक्षा किती कमी मिळालं तरी चालेल, ती मर्यादा. त्याने ती वाढवत वाढवत पार वर नेऊन ठेवली. तेव्हा पडद्यावर एक लाल ओळ आली. इंग्रजीत काहीतरी होतं, भावावर फार मोठा परिणाम, वगैरे. खाली बटण होतं: तरीही करा. त्याने ओळ अर्धी वाचली. मागे गुंजन चहाचा कप घेऊन येत होती. त्याने बटण दाबलं.

झालं. हिरवी खूण आली. खालचा आकडा त्याने दोनदा वाचला. छत्तीस नव्हे, तेवीस हजारांच्या आसपास.

"किती आले?" गुंजनने विचारलं.

आता या क्षणी खरं बोलायचं म्हणजे 'मले समजलं नाई, काहीतरी चुकलं' एवढंच बोलायचं होतं. पण जीभ आपल्या जुन्या वाटेनं गेली.

"तेवीस. बाकीची फी कटली."

"तेरा हजार फी?"

"बाहेरदेशीचं काम आहे, बाई. नेटवर्कची फी, एक्स्चेंजची फी, बदलायची फी. कटतेच."

गुंजन हसली. "आर्वीच्या बाजारात दलालही इतलं घेत नाई रे दादा." तोही हसला. हसताना त्याला आपला आवाज परका वाटला. जाताना गुंजन त्याच्या पाया पडली. तो मागे सरकला. तिला वाटलं, दादा लाजला.

दुसऱ्या दिवशी टॅलीच्या बॅचला तो टक्केवारी शिकवत होता. फळ्यावर 'छत्तीसातून तेरा फी' असा हिशेब मांडता मांडता एका मुलीने विचारलं, "सर, कोणती फी इतकी असते का कधी? एक तृतीयांश?" तिने आपलं उदाहरणापुरतं विचारलं होतं. प्रफुल्लचा खडू थांबला. "नसते," तो म्हणाला आणि मग त्याला उरलेला तास कसा संपला ते कळलं नाही.

पोरं गेल्यावर त्याने दार लोटलं आणि त्याच एक्स्चेंजवर स्वतःच्या खात्यातून अगदी थोडक्या रकमेचा स्वॅप मांडला. या वेळी एकेक ओळ वाचली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पडद्यावरचं सगळं वाचलं म्हणा ना. स्वॅपची फी, शून्य दशांश तीन टक्के. ही फी ज्यांनी आपली टोकनं त्या एक्स्चेंजच्या साठ्यात ठेवलेली असतात त्यांना मिळते. नेटवर्कची फी वेगळी. ती रक्कम लहान असो की मोठी, जवळपास सारखीच, त्या दिवशी तर चहा-नाश्त्याइतकी. व्यवहार फसला तरी ती जाते, म्हणून त्या दोन वेळा फुकट गेली होती. आणि तिसरी ओळ फीची नव्हतीच. ती भावावरच्या परिणामाची.

त्याने रकमेच्या चौकटीत गुंजनचा आकडा टाकला. बटण दाबलं नाही. लाल ओळ पुन्हा उगवली. त्याने आकडा कमी केला; लाल गेलं, पिवळं झालं. आणखी कमी केला. ओळ नाहीशी झाली. त्याला कळलं. त्या टोकनाचा तिथला साठा एवढासा. त्यात गुंजनची सगळी टोकनं एका दमात ओतली, तसा भाव खाली खाली पडत गेला आणि शेवटची टोकनं तर जवळजवळ मातीमोल गेली. थोडी थोडी करून, मधे काही दिवस जाऊ देऊन विकली असती तर बहुतेक पैसे हाती आले असते. कारण भाव आता पुन्हा जागेवर आला होता. तो आकडा पाहून त्याला फार वाईट वाटलं. कोणीतरी, कुठेतरी, गुंजनची उन्हाळाभराची पाखरं स्वस्तात उचलून चढ्या भावाने पुन्हा विकली होती. खऱ्या फीचे सगळे मिळून दोन-अडीचशे रुपये. बाकी सारं त्याच्या बोटानं गेलं होतं.

'फोन करून सांगून टाकावं,' असं त्याने ठरवलं. गुंजनला फोन लावलाही. पण मावशीने घेतला.

"प्रफुल्ल का? अरे, लय उपकार झाले तुहे. तिच्या बापाले तर खरंच वाटत नव्हतं. तू होता म्हणून, नाईतर कोण करून देते?"

"मावशी, ते..."

"काय?"

"काई नाई. वांगे मस्त होते."

संध्याकाळी त्याने जयाला सांगितलं. सगळं. जया भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"तिले सांगा."

"सांगतो."

"आजच सांगा. शिळं झालं की सांगणं होत नाई."

पण त्याने सांगितलं नाही. त्याऐवजी त्याने एक भलतंच केलं. महिना लागला तसे आपल्या पैशांतले पाच हजार गुंजनच्या खात्यावर पाठवले आणि संदेश केला, 'फीचा काही भाग परत आला आहे.' त्याला वाटलं, हळूहळू असंच भरून देऊ, कोणाला काही कळायचं नाही आणि छातीवरचा दगड उतरेल. गुंजनचा लगेच फोन आला, आनंदानं ओसंडून.

"दादा, फी परत बी येते का? कोण देते?"

"असं... कंपनी देते. कधीमधी."

"पण तू तर म्हणे, मधे कंपनीच नसते."

तो अडखळला. "म्हणजे नेटवर्कवाले."

"बरं," ती म्हणाली. तिला शंका आली नाही; तिने फक्त ऐकलेलं नीट लक्षात ठेवलं होतं. आणि तासाभरात त्याच्या खात्यावर तिच्याकडून एक हजार येऊन पडले. सोबत लिहिलेलं: 'तुह्या मेहनतीचे. नाई म्हणू नको.' ते हजार रुपये पाहून प्रफुल्लला खुर्चीत बसवेना. त्याने खाली उतरून रस्त्यावर दोन चकरा मारल्या. रिक्षावाल्याने "काय सर, तब्येत बरी नाई का?" म्हणून विचारलं.

दिवाळी झाली. मंडळी भाऊबीजेला मनकर्णामावशीकडे जमली. फराळाच्या ताटावर बसलेले असताना मावशी सहज बोलून गेली, "गुंजनने ते पाखराईचं काम सोडलं, सांगतलं का तुले?"

प्रफुल्लचा घास हातात राहिला. "काऊन?"

"त्याईनं मोठं काम देल्लं होतं. साऱ्या खेळातले पाखरं तिनंच काढाचे. वर्षभर पुरलं असतं म्हणे. पण तू सांगतलं ना, फी लय कटते. हिशेब केला तिनं बसून. एवढी मेहनत करून तिसरा हिस्सा फीतच जाते, तर ते वावरातच काम केलेलं परवडते. नाई म्हणून लिहून देल्लं तिनं. आता आर्वीच्या एका नर्सरी शाळेत जाते. पगार काई नाई, पण कापत तर नाई कोणी."

मावशी बोलत राहिली. गुंजन समोरच बसून करंजी खात होती. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, हेच प्रफुल्लला सोसेना. पैसे गेले ते गेले. त्याचा हिशेब करता येत होता. पण 'फी' या एका शब्दावर विसंबून पोरीने आपल्या हातानं दार लावून घेतलं होतं. जयाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ती नजर त्याला अंगावर ओरडल्यापेक्षा जास्त लागली.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. खरांगण्याच्या थांब्यावर गाडी उभी राहिली तेव्हा जया म्हणाली, "नुसतं सांगून आता भागत नाई. तिले शिकवा. म्हणजे पुन्हा कोणाच्या तोंडाकडे पाहायची गरज नाई तिले."

"शिकवलं तर तिले कळन."

"हो," जया म्हणाली. "कळन."

पुढच्या आठवड्यात त्याने गुंजनला बोलावलं. "स्वॅप शिकवतो तुले. शेवटच्या चित्राचे थोडेसे टोकन मागून आले ना, ते घेऊन ये." गुंजन शाळेला सुटी होती त्या दिवशी आली. दुपारची बॅच सुटली होती. खुर्च्या अस्ताव्यस्त होत्या. प्रफुल्लने तिला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः बाजूला स्टुलावर बसला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, न जाणो जुन्या सवयीनं फोन ओढून घेईल.

"मी काईच करत नाई," तो म्हणाला. "तू कर. आणि एकेक ओळ मोठ्यानं वाच."

गुंजनने टोकन निवडलं, आकडा टाकला. "काय दाबू?"

"दाबू नको. वाच."

ती वाचू लागली. डिप्लोमाचं इंग्रजी, अडखळत पण स्वच्छ. "नेटवर्क फी..." तिने रक्कम वाचली. "इतलीच?"

"पुढचं वाच."

"स्वॅप फी, झिरो पॉइंट थ्री परसेंट."

"म्हणजे किती?" त्याने विचारलं. वर्गात विचारायचा तसंच.

तिने बोटांवर हिशेब केला. "हजारात तीन."

खालच्या रस्त्यावरून एसटी गेली. खिडकीच्या काचा थरथरल्या. गुंजनने पुन्हा ती ओळ वाचली, मनातल्या मनात. मग हळू आवाजात म्हणाली, "मंग त्या दिवशी?"

"त्या दिवशीचा आकडा टाकून पाहा. दाबू नको."

तिने टाकला. लाल ओळ आली. तिने ती शेवटपर्यंत वाचली, जी त्याने अर्धी वाचली होती. मग आकडा स्वतःच कमी करून पाहिला, आणखी कमी केला, लाल ओळ जाते कधी ते पाहिलं. सांगावं लागलं नाही.

"हे तर बाजारावानी झालं," ती म्हणाली. "एका दिवशी साराच माल नेऊन टाकला, घेणारा एकच. भाव पडनच. याले फी कोण म्हणते?"

"मी म्हटलं."

"हे लाल त्या दिवशीबी आलतं?"

"आलतं."

"तू वाचलं नाई?"

"अर्धं वाचलं. मले येत नव्हतं, गुंजन. मी पह्यल्यांदाच करत होतो. तुले सांगतलं नाई."

"आणि फी परत आली म्हणून पाठवले ते?"

"माहे होते."

गुंजन रडेल असं त्याला वाटलं होतं. किंवा 'जाऊ दे दादा' म्हणेल, असं मनाच्या एका कोपऱ्यात वाटलं होतं, आणि त्या वाटण्याचीही त्याला आता लाज वाटली. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. फोन बंद केला, पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली.

"ते पाच हजार मी ठेवते," ती म्हणाली. "ते माहेच आहेत. बाकीचे बी देजो. हप्त्यानं दे, पण देजो. आणि तो हजार, तुह्या मेहनतीचा, तो आधी देजो."

"देतो."

"पैशाचं होऊन जाईन रे दादा." आता तिचा आवाज फाटला. "पण मी त्याईले नाई म्हणून देल्लं. तू मले त्याच दिवशी सांगतलं असतं तर? मी दारात उभी होती. होऊन राह्यलं का म्हणून तीनदा विचारलं मी तुले."

ती उठून गेली. जिन्यावरून तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली. प्रफुल्ल मांडीखालचे हात तसेच ठेवून बसून राहिला. मुंग्या आल्या होत्या.

तिने त्या खेळवाल्यांना पुन्हा लिहिलं. त्यांनी फार बरं उत्तर दिलं, पण पाखरांचं काम तोवर दुसऱ्या कोणाला गेलं होतं. चिलीमधली कोणी बाई होती. खेळात किड्यांचा आणि पानाफुलांचा भाग नंतर निघाला तेव्हा तो गुंजनला मिळाला. काम लहान होतं, पण होतं. नर्सरी शाळा तिने सोडली नाही. शाळा सुटल्यावर चित्रं काढू लागली. रंग भरायला गावातल्या समीक्षा आणि रोशनी या दोघी मैत्रिणींना हाताशी घेतलं आणि मोबदल्यातला त्यांचा वाटा त्यांच्या त्यांच्या खात्यात घालू लागली. टोकनं आली की ती स्वतः बदलायची, थोडी थोडी, दिवस पाहून, नेटवर्कवर गर्दी नसेल अशा वेळी. हे प्रफुल्लला मावशीकडून कळायचं. गुंजनकडून त्याला एकच शब्द येई. तो दर महिन्याला हप्ता पाठवी आणि तिकडून उत्तर येई, 'मिळाले.' त्या शब्दामागे दादा नसे.

हप्ते फिटले. त्याला वाटलं होतं, फिटले की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. क्लासमध्ये कोणी फोन पुढे केला की आता तो आधी स्वतःच्या हातांकडे पाही. एकदा एका म्हाताऱ्याला त्याने सांगितलं, "काका, हे मले येत नाई," तर म्हातारा चकितच झाला. त्याला वाटलं, सर आज रागावलेत.

उन्हाळा लागला होता तेव्हा गुंजनचा फोन आला. नाव पाहून प्रफुल्ल उभाच राहिला.

"रविवारी तळेगावले ये," ती म्हणाली. "समीक्षा अन् रोशनीच्या घरचे विचारून राह्यले, पोरींचे पैसे कुठी असते, कसे येते. दोघीबी आता स्वतःच बदलतो म्हणतात. मी शिकवतेच आहे. पण त्याईनं ऐकावं, चुकलं तर काय होते. तुह्या तोंडानं ऐकावं."

"मी काय सांगू?"

"जे झालं ते. पूर्ण."

तो गेला. आर्वीला गाडी बदलून, भर दुपारच्या उन्हात. हातात वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचं पाकीट होतं. ते द्यायचं कोणाला हेही त्याला कळत नव्हतं. मावशीच्या अंगणात निंबाखाली सतरंजी टाकलेली. दोघी मुली, त्यांच्या आया, आणि समीक्षाचे आजोबा अण्णाजी, पांढरं धोतर, काठी आडवी मांडीवर. गुंजनने पाणी दिलं, "बस" म्हणाली आणि स्वतः कडेला जाऊन बसली. मावशीला तोवर सगळं ठाऊक झालं होतं. ती आतून आली नाही.

प्रफुल्लने सांगितलं. आधी फी म्हणजे काय ते, हजारात तीन, आणि नेटवर्कची वेगळी. मग साठा लहान असला की एकदम विकल्यानं भाव कसा पडतो. मग लाल ओळ. मग आपण ती कशी अर्धीच वाचली आणि बटण दाबलं. मग फी कटली असं कसं सांगितलं. वर्गात तासन्‌तास बोलणारा माणूस, पण इथे वाक्यं तुटत होती. रोशनीच्या आईने मधेच विचारलं, "म्हणजे आमच्या पोरीचे पैसे बुडन का?" तो म्हणाला, "घाई केली अन् वाचलं नाई, तर बुडते. मले खात्रीनं एवढंच सांगता येते."

सगळं झाल्यावर अण्णाजींनी काठी जमिनीवर टेकली. "समजलं बावा. चूक समजली. चूक कोणाचीबी होते." मग त्यांनी काठी पुन्हा मांडीवर आडवी ठेवली. "पण एक सांगा. पोट्टी तवा दारातच होती. तुम्ही तवाच काऊन नाई सांगतलं तिले?"

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. गुंजनचंही. प्रफुल्लला वाटलं, याचं काही नीट उत्तर असेल, घरून निघताना आपण ते जुळवून आणायला हवं होतं.

"लाज वाटली," तो म्हणाला.

अण्णाजींनी मान हलवली, बरं की वाईट ते कळेना. मग समीक्षाने आपला फोन काढला आणि गुंजनजवळ सरकून म्हणाली, "ताई, माह्यावाल्यात ती ओळ कुठी दिसते?" आणि त्या दोघी फोनवर वाकल्या.